साक्ष आणि कैवार

मित्राच्या घरातलं भांडण कानावर आलं की हात शिवशिवतात. चार ओळी लिहून टाकू, खरं काय ते लोकांना कळू दे, असं वाटतं. आपल्या लेखी ती साक्ष असते. बहुतेक वेळा तो कैवार असतो.

माझंच सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझ्या मित्राचा चादरीचा कारखाना आहे, चुलतभावाशी भागीदारीत. सुताच्या पैशावरून दोघांचं फाटलं. गड्ड्याच्या जत्रेआधी मित्राने भावाच्या हातात नोटांची पुडकी ठेवली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. भावाने मालाच्या चलनाच्या पाठीमागे पेन्सिलीने आकडा टिपला, तोही मी पाहिला. एवढीच माझी साक्ष. पण फेसबुकवर लिहिताना मी पुढे जोडलं, 'हा माणूस कित्येक वर्षं भावाला लुबाडतोय.' हे मी पाहिलेलं नव्हतं. सात रस्ता चौकात चहा पिताना मित्राने रागाच्या भरात सांगितलेलं होतं.

दोन दिवसांत त्याचा स्क्रीनशॉट सुताच्या व्यापाऱ्याकडे पोचला. उधारीवर सूत देणारा माणूस भागीदारांत खरा कोण, खोटा कोण हे बघत बसत नाही. फर्म फुटतेय असं दिसलं की माल थांबवतो. फर्म दोघांची, त्यामुळे फटका मित्रालाही बसला. सूत संपलं, माग थांबले. नेहमी खटखटाटात ओरडून बोलावं लागायचं त्या शेडमध्ये त्या दिवशी तो हळू आवाजात म्हणाला, "विचारायचं तरी होतंस बे." मामांच्या घरी समेटाची बैठक ठरली होती. मला ठाऊकच नव्हतं.

साक्ष विचारल्यावर द्यायची असते, निवाडा करणाऱ्यांसमोर, पाहिलं तेवढीच; आणि समोरच्याला उलट प्रश्न करता येतो. कैवारात ऐकीव गोष्टही पाहिल्यासारखी लिहिली जाते आणि ज्यांचा संबंध नाही त्यांच्यापुढे ठेवली जाते. पोस्ट मी काढून टाकली, पण स्क्रीनशॉट फिरतच राहिला.

कायद्याचंही बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. 'खरं होतं म्हणून लिहिलं' एवढ्यावर सुटका नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दोन भावांच्या हिशेबात कसलं लोकहित?

मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. पण तेव्हाही पोस्ट नव्हे, ११२ ला फोन करायचा. आणि मित्रावर उघडपणे खोटा आळ आला असेल, तर त्याला विचारून, आपण पाहिलं तेवढंच लिहावं.

शेवटी भवानी पेठेत मामांकडे बैठक झाली, मलाही बोलावलं. पैसे देताना पाहिलं, आकडा टिपताना पाहिलं, असं मी सांगितलं. चुलतभाऊ म्हणाला, "नोटा मोजताना पाहिलास का?"

"नाही," मी म्हणालो. "मोजताना नाही पाहिलं."

मामांनी तेही कागदावर लिहून घेतलं.