सिझरनंतर पाणी प्यायल्याने टाके पिकत नाहीत

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तरी सिझर झालेल्या बाळंतिणीला पाणी घोट मोजून मिळतं. का, तर ‘पाण्याने टाके पिकतात, पोट सुटतं’!

टाके पिकतात जंतूंमुळे. घामाने ओली राहिलेली जखम आणि वाढलेली साखर त्यांच्या पथ्यावर पडते. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं, टाक्यांत पाझरत नाही. पोट सुटतं ते गरोदरपणात ताणलेल्या स्नायूंमुळे. उलट पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, आणि कुंथताना कळ थेट टाक्यांत.

ठरवून केलेल्या सिझरआधी साधारण ६ तास जेवण आणि २ तास पाणी बंद असतं, उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून. तो नियम ऑपरेशनपुरता. कमरेतून भूल दिली असेल, तर एरवी काही तासांतच डॉक्टर घोटभर पाणी सुरू करतात. मळमळ नसेल तर मग पेज, मऊ भात.

उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला आला तर घडी घातलेली चादर (सोलापुरात तिला काय तोटा!) टाक्यांवर दाबून धरायची. जखम लाल, गरम झाली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. हळद भरत बसायचं नाही.