हात कोणाचे, हा प्रश्नच नाही: प्रात्यक्षिक आणि प्रयोग

मराठीत प्रयोग नाटकाचाही होतो आणि प्रयोगशाळेतही. विज्ञान मेळाव्यांमध्ये बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा होतो आणि पाटी दुसऱ्याची लागते. मातीचा डोंगर, पोटात खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर, फेस, टाळ्या. संहिता ठरलेली, शेवट ठरलेला, आणि फेस आला नाही तर प्रयोग पडला म्हणायचं. (खऱ्या ज्वालामुखीत यातलं काहीच घडत नाही, ही तक्रार वेगळी. ती सध्या बाजूला ठेवू.)

प्रात्यक्षिक म्हणजे काय हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा ते थोडक्यात. शाळेत तासिकेला ‘प्रात्यक्षिक’ म्हणतात तो अर्थ इथे नाही. इथे प्रात्यक्षिक म्हणजे जाणकाराने करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी पाहायचं. यात कमीपणा काही नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्यानं 1825 मध्ये सुरू झाली ती याच बळावर. मायकेल फॅरेडे मेणबत्ती विझवून तिच्या पांढऱ्या धुराला दोन-तीन इंचांवरून जळती काडी लावत, आणि ज्योत त्या धुरातून खाली वातीपर्यंत धावत येई. जळतं ते मेणाची वाफ, हे एवढ्या थोडक्या वेळात याहून चांगलं सांगता येत नाही.

वरवरचे फरकही पटकन उरकू. प्रात्यक्षिकाला दोनशे प्रेक्षक चालतात, प्रयोगाला एका टेबलापाशी चार मुलं आणि एक मदतनीस. ते पाच मिनिटांत संपतं, याला पाऊण तास लागतो. गॉगल दोन्हीकडे लागतात, आणि ‘व्हिनेगरच तर आहे’ हे ते न घालण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता खरी अडचण. ‘मुलांनी स्वतःच्या हातांनी केलं, म्हणजे प्रयोग झाला’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते खरंच वाटू लागतं. स्लाइम, म्हणजे तो ताणला जाणारा लिबलिबीत गोळा, घ्या. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं 4 टक्के द्रावण 50 मिलिलिटर, बोरॅक्सचं 4 टक्के द्रावण 5 मिलिलिटर, ढवळा, मळा, पिशवीत भरून घरी न्या. हात सगळे मुलांचे, आणि तरी यात प्रयोग औषधालाही नाही. ही कृती झाली. पाककृतीतली कृती असते तशीच: पायऱ्या पाळल्या की पदार्थ तयार. कृतीला माझा विरोध नाही, हाताला वळण लागतं, भीती मोडते. पण तिला प्रयोग म्हटलं की मुलांच्या मनात प्रयोग म्हणजे ‘सांगितलेलं बरोबर करणं’ असं घट्ट बसतं, आणि ते पुढे काढायला वर्षं जातात.

कसोटी एकच ठेवा. मुलाने घेतलेल्या एखाद्या निर्णयामुळे निकाल बदलू शकतो का, आणि बदललेला निकाल त्याला मोजता येतो का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच तो प्रयोग. उत्तर संयोजकाला ठाऊक असलं तरी हरकत नाही. ज्याने बाटली हातात धरली आहे त्याला ते आधी ठाऊक नसलं म्हणजे झालं.

स्लाइमलाच ही कसोटी लावून पाहा. बोरॅक्सचं माप मुलांना ठरवू द्या: 2, 4, 6, 8 मिलिलिटर. प्रत्येक गोळा सारख्या नरसाळ्यातून खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजा. सामान तेच, खर्च तोच, आणि आता प्रयोग आहे. एखादा गोळा नरसाळ्यात अडकूनच बसला, तर तीही नोंदच.

ज्वालामुखीचंही तेच करता येतं, आणि त्यात रसायनशास्त्र कितीतरी जास्त आहे. डोंगर फेकून द्या. प्रत्येक गटाला अर्ध्या लिटरची बाटली, 50 मिलिलिटर व्हिनेगर, फुगा, नरसाळं आणि 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा द्या. प्रश्न असा: सोडा वाढवत गेलो तर फुगा वाढतच जाईल का? गटांनी 1 ते 6 ग्रॅमपैकी आपापली मापं निवडायची आणि करण्यापूर्वी अंदाज कागदावर लिहायचा. बहुतेक मुलं ‘दुप्पट सोडा, दुप्पट फुगा’ असं लिहितात. 5 टक्के व्हिनेगरच्या 50 मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅम ॲसेटिक आम्ल असतं आणि ते साडेतीन ग्रॅम सोड्यात संपतं. तोपर्यंत दर ग्रॅम सोड्यामागे साधारण 285 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे सगळा मिळून एक लिटर. पुढे कितीही सोडा ओता, फुगा तेवढाच राहतो आणि जादा सोडा नुसता उरतो. चहाच्या सपाट चमचाभर सोड्याचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे चमच्याने मोजणाऱ्या गटाने पहिल्याच फेरीत मर्यादा ओलांडलेली असते, आणि त्याला फरक कधी दिसतच नाही. ‘चमचाभर सोडा घ्या’ असं लिहिलेल्या कृतिपत्रिकांचा मला राग येतो तो यासाठी.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. सोडा बाटलीत टाकून मग फुगा चढवायला गेलात तर निम्मा वायू आधीच निसटतो. सोडा कोरड्या नरसाळ्यातून फुग्यात भरा, फुगा खाली लोंबता ठेवून तोंड बाटलीवर ओढा, आणि मगच फुगा उचला. नरसाळं ओलं असेल तर सोडा गुठळी होऊन अडकतो. फुगा आधी दोनदा तोंडाने फुगवून सैल करा, नाहीतर पहिल्या ग्रॅमचा वायू रबर ताणण्यातच दबून राहतो. बुडबुडे थांबेपर्यंत बाटली हलकेच फिरवत राहा. सोडा असं सांगून बेकिंग पावडर आणली तर सगळी मापं कोलमडतात, कारण तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. आणि फुग्याऐवजी बाटलीला घट्ट बूच लावायचं नाही. कधीच नाही.

मोजमापाचीही एक गोम आहे. दोरा गुंडाळून फुग्याचा परीघ मोजला आणि फुगा गोल धरला, तर 1, 2, 3 आणि 4 ग्रॅमला साधारण 26, 32, 37 आणि 39 सेंटिमीटर येतात. आकारमान परिघाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे मर्यादा येण्याच्या आधीच आलेख वाकलेला दिसतो आणि मुलं चुकीच्या जागी बोट ठेवतात. मुलांना परिघाचा घन काढायला लावा, किंवा फुगा सोडून थेट वजनातली घट मोजा. दर ग्रॅम सोड्यामागे 0.52 ग्रॅम घट, आणि 1.8 ग्रॅमच्या आसपास ती थांबते. उघड्या भांड्यात तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवा, नाहीतर फेसाचे थेंब उडतात आणि त्यांचंही वजन घटीत धरलं जातं. शेवटच्या वजनाआधी बोळा काढून भांडं जरा कलतं करा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो भांड्यातच बसून राहतो आणि पाव लिटर जागेत दशांश-दीड दशांश ग्रॅमची चूक घुसवतो. मग बोळा पुन्हा त्याच भांड्यात ठेवूनच वजन करा, कारण तोही पहिल्या वजनात धरलेला आहे.

मग प्रात्यक्षिक कधी करायचं? जिथे मुलांच्या हातात निर्णय देणं धोक्याचं असतं तिथे. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा तो उंच उसळणारा फेस लांबूनच पाहायचा. ते द्रावण कातडीला लागलं की पांढरे डाग पडतात आणि फेसही चांगलाच तापतो. मुलांना 3 टक्के द्रावण आणि यीस्ट द्या. यीस्ट कोणत्या तापमानाच्या पाण्यात भिजवायचं हे त्यांना ठरवू द्या. उकळतं पाणी घेणाऱ्या गटाच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, कारण यीस्टमधलं विकर (एन्झाइम), जे पेरॉक्साइड फोडतं, ते निकामी झालेलं असतं. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो.

काही गोष्टी प्रात्यक्षिक म्हणूनही नकोत. वाट्यांमध्ये मिथेनॉल ओतून क्षारांच्या रंगीत ज्वाला दाखवणं हे त्यांतलं पहिलं. ज्योत विझली असं वाटतं, बाटलीतून पुन्हा ओतलं जातं, आणि बाटलीतूनच आगीचा झोत समोर बसलेल्यांवर जातो. या अपघातांमध्ये मुलं गंभीर भाजली आहेत, आणि अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने 2014 मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात रात्रभर भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरल्या तर तेच रंग दिसतात.

दुसरी गोष्ट, नुसतं दाखवून फार काही हाती लागत नाही. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या एका वर्गावरचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक फक्त पाहिलं त्यांची समज न पाहिलेल्यांपेक्षा फारशी सुधारली नव्हती. आधी अंदाज नोंदवून मग पाहणाऱ्यांची सुधारली. विषय भौतिकशास्त्राचा असला तरी रसायनशास्त्राच्या मंचावरही दोन मिनिटं थांबून हात वर करायला लावणं फुकट आहे.

शेवटी माझं सगळ्यात नावडतं प्रात्यक्षिक. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं, आणि निवेदक सांगतो, ‘ऑक्सिजन संपला, पाण्याने त्याची जागा घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं.’ हे चूक आहे. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साधारण 16 टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते, आणि खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयारही होतो. पाणी चढतं ते मुख्यतः पेल्यातली तापलेली हवा निवल्यामुळे. पेला ठेवतानाच काही गरम हवा कडेने निसटलेली असते.

हेच सामान मुलांच्या हातात द्या आणि मेणबत्त्या किती लावायच्या ते त्यांना ठरवू द्या: एक, दोन की तीन. उंची सारखी, पेला तोच, पाणी एक सेंटिमीटर खोल आणि रंगीत, पेल्यावर चिकटपट्टीची मोजपट्टी, प्रत्येक मांडणी तीनदा. दोन फेऱ्यांच्या मधे पेला पूर्ण निववून कोरडा करा, गरम पेला पुन्हा वापरला की आकडे घसरतात. पेल्यात ऑक्सिजन तेवढाच, तेव्हा निवेदकाचं म्हणणं खरं असेल तर पाणी प्रत्येक वेळी सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांना ते एकीपेक्षा बरंच वर जातं. घड्याळ लावून पाहिलं तर चढण्याचा मोठा भाग ज्योत विझल्यानंतर होतो, म्हणजे जळणं थांबल्यावर. एका मुलाला नुसतं पेल्याच्या काठावर नजर ठेवायला बसवा. पेला टेकताना बाहेर पडणारे बुडबुडे त्यालाच आधी दिसतात.