नाणेघाटातले चोवीस हजार चारशे

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, असा सगळा दानाचा हिशेब. त्यामुळे लेखात पानापानाला यावेत तसे आकडे येतात, आणि ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत.

एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा. चार हा अधिकच्या खुणेसारखा. पण दहाचे चिन्ह वेगळे, विसाचे वेगळे, ऐंशीचे आणखी वेगळे. शंभराच्या चिन्हाला चार चिकटवला की चारशे, सात चिकटवला की सातशे. दोनशे-तीनशेची तऱ्हा निराळी: शंभराला एक फाटा काढला की दोनशे, दोन काढले की तीनशे.

लेखातली २४,४०० कार्षापणांची रक्कम घ्या. हजाराला जोडलेले वीस, हजाराला जोडलेला चार, शंभराला जोडलेला चार. तीन जोडचिन्हे, त्यांची बेरीज करायची. १,७०० गाईंना दोनच चिन्हे पुरतात, ६,००१ नाण्यांनाही दोनच. शून्य लागतच नाही, कारण जे नाही ते लिहायचेच नाही. नोंद ठेवायला ही पद्धत उत्तम आहे. अडते ते हिशेब करताना. २४,४०० खाली ६,००१ मांडा: तीन चिन्हांखाली दोन चिन्हे येतात, एककाखाली एकक येत नाही, हातचा घ्यायचा तर कुठून कुठे न्यायचा? शिवाय एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार अशी वीस मूळ चिन्हे पाठ हवीत.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा लेख आहे. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, देवाला रोज ५० हार. इथे दोनाचे दोनशे होतात ते फक्त जागेमुळे, आणि ती जागा शेवटच्या बारीक वर्तुळाने धरून ठेवली आहे. वर्तुळ पुसले तर बाग २७ हातांची होईल. याच्याही आधी कंबोडियात, सांबोरच्या शके ६०५ च्या लेखात (इ. स. ६८३), सहा आणि पाच यांच्या मधे शून्याचा ठिपका दिसतो.

बगदादमध्ये गणिती अल-ख्वारिझ्मीने जागेवरून अंकाची किंमत ठरवण्याची ही रीत समजावून दिली आणि १२०२ मध्ये इटलीतल्या पिसाच्या फिबोनाची या गणितीने ती लॅटिनमध्ये मांडली. प्रवासात रीत तीच राहिली, वळणे मात्र लिहिणाऱ्या हाताची झाली. दोन आडव्या रेघा लेखणी न उचलता काढल्या की २ चे वळण येते, तीन काढल्या की ३ चे. इंग्रजी दोन-तीनही असेच घडले. आपण ज्यांना सहज 'इंग्रजी आकडे' म्हणतो त्यांना संविधानाचा अनुच्छेद ३४३ 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' म्हणतो, आणि तेच नाव बरोबर आहे.

वळणे बदलल्याने फसगत मात्र होते. मस्कत-कुवेतला नव्याने गेलेल्या मराठी माणसाने हे आधीच लक्षात ठेवावे: अरबी पाटीवरचे वर्तुळ शून्य नसते, पाच असते, शून्य तो ठिपका. वर्तुळ आणि पुढे ठिपका म्हणजे पन्नास. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी संख्येतला सर्वांत मोठा अंक डावीकडेच असतो. बंगालीत चार हा हुबेहूब इंग्रजी आठसारखा आणि सात नवासारखा दिसतो, म्हणून कोलकात्यातल्या बसचा नंबर बघताना जपावे.

संगणकाला तर वळण दिसतच नाही. संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५. इंग्रजी शून्य ४८ वर, नऊ ५७ वर. म्हणून मोबाइल नंबर देवनागरीत टाकला की काही फॉर्म 'फक्त अंक भरा' म्हणून तो परत करतात. फॉर्म बनवणाऱ्याने प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे, एवढेच काम असते.