सुट्टीत पाठवलेले पैसे अडकत नाहीत
"सलग सुट्ट्या आल्या की बँकेतून पाठवलेले पैसे कामाचा दिवस उजाडेपर्यंत अडकतात", असा निरोप पोळा-दसऱ्याच्या तोंडावर मराठवाड्यात हमखास फिरतो. हा समज निराधार नव्हता, कारण पूर्वी एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची व्यवस्था, सुट्टीच्या दिवशी खरोखरच बंद असे. मात्र १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवण्याची तशीच व्यवस्था) बारा महिने चोवीस तास चालते. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या तुकडीने पुढे जातात आणि तुकडीचा हिशेब मिटल्यापासून दोन तासांच्या आत रक्कम जमा व्हावी किंवा परत यावी, असा नियम आहे. त्यामुळे १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनी औशातील वडिलांनी लातूरला शिकणाऱ्या मुलीचे खोलीभाडे सकाळी मोबाइलवरून पाठवले, तर ते दुपारपर्यंत पोहोचायला हवे. धनादेशाचे मात्र तसे नाही. तो वटायला कामकाजाचा दिवसच लागतो, आणि जुना समज टिकून राहण्याचे कारण बहुधा हेच असावे.

रक्कम पोहोचली नाही, तर सुट्टी संपण्याची वाट पाहत बसू नये. पावतीवरचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक) पैसे घेणाऱ्याला कळवावा, त्याने तो आपल्या खात्याच्या उताऱ्यात शोधावा, आणि तरीही नोंद सापडली नाही तर पाठवणाऱ्याने त्याच क्रमांकासह आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी.