व्हेग्रंट : वेब विकासासाठी व्हर्च्युअल मशीन

लिनक्स सर्व्हरवर चालायची साइट लिहिताना तसाच सर्व्हर आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेल्या संगणकाच्या, रूपात उभा करून देणारे साधन म्हणजे व्हेग्रंट. मिचेल हाशिमोतो यांनी ते २०१० साली प्रसिद्ध केले. त्याचा पुढचा विकास २०१२ मध्ये स्थापन झालेल्या हॅशिकॉर्प कंपनीने केला. मशीन प्रत्यक्ष चालवण्याचे काम व्हेग्रंट स्वतः करत नाही, ते बहुधा व्हर्च्युअलबॉक्सकडे असते. मूळ जर्मन कंपनी इनोटेकचे हे सॉफ्टवेअर २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले.

मशीनचे सगळे वर्णन व्हेग्रंटफाइल या एका मजकुरी फाइलीत असते. कोणती लिनक्स, किती रॅम, कोणते पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकित दार), सुरुवातीला काय इन्स्टॉल करायचे हे तिच्यात रुबी भाषेत लिहितात. फाइल प्रकल्पाच्या कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवली की टीममधला नवा माणूस ‘व्हेग्रंट अप’ ही एकच आज्ञा देऊन इतरांसारखेच मशीन उभे करतो. मात्र इन्स्टॉलेशनची स्क्रिप्ट सहसा पहिल्या वेळीच चालते. नंतर तिच्यात ओळ वाढवली तर ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते; नुसते रीस्टार्ट करून काही होत नाही.

मशीन उभे करणे तसे सोपे. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू असली आणि लॅपटॉपलाच रॅम अपुरी पडणार नाही इतके भान ठेवले की झाले. डोकेदुखी सुरू होते ती होस्ट (आपला लॅपटॉप) आणि गेस्ट (आतले व्हर्च्युअल मशीन) एकमेकांशी जिथे बोलतात तिथे, म्हणजे नेटवर्क आणि फोल्डर या दोन ठिकाणी.

व्हर्च्युअलबॉक्समधले मशीन मुळात नॅटच्या, म्हणजे होस्टच्याच पत्त्यावरून बाहेर जाऊ देणाऱ्या व्यवस्थेच्या, आड असते. आतून त्याला इंटरनेट मिळते, पण बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून पोर्ट फॉरवर्ड करतात : होस्टचे ८०८० गेस्टच्या ८० ला जोडले की साइट ब्राउझरमध्ये दिसते. एसएसएचसाठी, म्हणजे मशीनवर दुरून लॉगिन करण्यासाठी, होस्टचे २२२२ गेस्टच्या २२ ला व्हेग्रंट आपणहून जोडतो. एवढे करूनही पान उघडले नाही, तर आतला डेव्हलपमेंट सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत बसला आहे का ते आधी पाहावे. तो पत्ता गेस्टचा स्वतःपुरता असतो, सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे गेस्टच्या सर्व पत्त्यांवर, चालवला की पान येते. उलट बाजूने, फॉरवर्ड केलेले पोर्ट होस्टच्या सर्व पत्त्यांवर उघडते. फायरवॉलने अडवले नाही तर त्याच वायफायवरच्या कोणालाही अर्धवट साइट दिसू शकते, म्हणून होस्टचा पत्ता नेमून दिलेला बरा.

मशीनला स्वतंत्र खासगी आयपीही देता येतो. जुन्या लेखांतला १९२.१६८.३३.१० हा पत्ता मात्र मॅक व लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून मुळात नाकारला जातो, १९२.१६८.५६ ने सुरू होणारा घ्यावा. होस्ट्स फाइलीत (कोणते नाव कोणत्या आयपीचे ते सांगणाऱ्या फाइलीत) नाव देताना शेवट ‘.टेस्ट’ ठेवावा, कारण तो चाचणीसाठीच राखीव आहे. ‘.डेव्ह’ गूगलच्या ताब्यात असून ब्राउझर तिथे एचटीटीपीएसचाच, म्हणजे सुरक्षित जोडणीचाच, आग्रह धरतात.

कोड होस्टवर, चालवणे गेस्टमध्ये, अशी कामाची विभागणी असते आणि मधला पूल म्हणजे शेअर्ड फोल्डर. व्हर्च्युअलबॉक्सचा हा फोल्डर संथ आहे. हजारो छोट्या फाइलींचा नोड किंवा पीएचपी प्रकल्प त्यावर रखडतो. शिवाय होस्टवर फाइल बदलल्याची सूचना गेस्टच्या लिनक्सला मिळत नाही, त्यामुळे आपोआप रीलोड होणारी साधने गप्प राहतात. त्यांना ठरावीक वेळाने फाइली तपासायला लावावे लागते. सीएसएस बदलूनही जुनीच किंवा तुटकी फाइल येत राहिली, तर ब्राउझरची कॅश दहादा पुसण्याआधी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधले ‘सेंडफाइल’ हे फाइल पाठवण्याचे सेटिंग बंद करावे. मॅक-लिनक्सवर एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने वेग सुधारतो. डेटाबेसच्या फाइली मात्र गेस्टच्या डिस्कवरच असाव्यात, आणि मशीन पुसणाऱ्या ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ने त्या जातात हे लक्षात ठेवून आधी डंप (डेटाची प्रत) काढावा.

२०१३ मध्ये डॉकर (पूर्ण मशीनऐवजी हलके कंटेनर चालवणारे साधन) आल्यावर आणि पुढे विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) मिळाल्यावर रोजच्या वेब कामातून व्हेग्रंट मागे पडला. अ‍ॅपलने २०२० मध्ये स्वतःचे एम१ प्रोसेसर आणल्यावर इंटेलसाठी बनवलेले जुने बॉक्स (व्हेग्रंटच्या तयार मशीन-प्रती) नव्या मॅकवर निरुपयोगी ठरले, आणि २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने मुक्त परवानाही बदलला. तरी अन्सिबल या सर्व्हर आपोआप सज्ज करणाऱ्या साधनाचा सराव किंवा अनेक सर्व्हरांची जुळणी करून पाहायला तो आजही सोयीचा आहे. मॅक-विंडोजवरचा डॉकर डेस्कटॉपही आत लिनक्सची व्हर्च्युअल मशीनच चालवतो, त्यामुळे शेअर्ड फोल्डरच्या संथपणाची तक्रार तिथेही ऐकू येते.