रेंजफाइंडर कॅमेरा : संग्रह आणि वापर

विषयापर्यंतचे अंतर वेगळ्या प्रकाशीय यंत्रणेने मोजून फोकस जुळवणारा कॅमेरा. यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही, भिंगाच्या वरच्या अंगाला असलेल्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे धड, भिंग आणि व्ह्यूफाइंडर या तीन स्वतंत्र वस्तू राहतात आणि चित्र नीट यायचे तर तिघांचे एकमेकांशी जुळावे लागते. संग्राहकांचा बराचसा आनंद आणि बहुतेक डोकेदुखी या जुळण्याभोवतीच फिरते. संग्रहाच्या बोलीत ‘जुना रेंजफाइंडर’ म्हणजे मुख्यतः १९३० ते १९७० या दशकांतले ३५ मिमी फिल्मवर चालणारे कॅमेरे.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दृश्य दिसते, दुसरीतली प्रतिमा फिरत्या आरशावरून किंवा लोलकातून येऊन अर्धपारदर्शक आरशावर पहिलीत मिसळते. भिंगाचे कडे फिरवले की भिंगाची मागची कड कॅमेऱ्यातल्या एका दांडीला ढकलते, दांडी आरसा हलवते आणि दृश्याच्या मधोमध दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकीवर एक येतात. त्या एक झाल्या की फोकस जुळला. खिडक्यांमधले अंतर, म्हणजे पाया, जितका रुंद तितकी मोजणी अचूक. मात्र त्याला व्ह्यूफाइंडरच्या वर्धनाने, म्हणजे त्यात दृश्य किती पट दिसते त्या आकड्याने, गुणावे लागते. लायका एम३ या जर्मन कॅमेऱ्याचा पाया सुमारे ६९ मिमी आणि वर्धन ०.९१, म्हणून उपयोगी पाया सुमारे ६३ मिमी भरतो. जुन्या लायका ३ चा पाया अवघा ३९ मिमी, पण त्याची रेंजफाइंडरची खिडकी दीडपट मोठे दाखवते, त्यामुळे तोही कागदावर वाटतो तितका मागे पडत नाही.

जर्मनीतील वेत्झलार येथील लाइट्स कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका १९२५ मध्ये लाइपत्सिगच्या जत्रेत बाजारात आला, तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हताच. अंतर डोळ्यांनी अंदाजायचे, नाहीतर वरच्या खाचेत सुटा अंतरमापक खोचून वाचायचे आणि तो आकडा भिंगावर लावायचा. भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका २ मध्ये आला. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या त्साइस इकोनने काँटॅक्स आणला. १९३६ च्या काँटॅक्स २ ने फोकस आणि चौकट एकाच खिडकीत दाखवली. लायका वापरणाऱ्याला मात्र १९५४ च्या एम३ पर्यंत एका खिडकीत फोकस आणि शेजारच्या खिडकीत रचना अशी डोळ्यांची कसरत करावी लागली. जपानमध्ये कॅनन आणि निकॉन याच वाटेने मोठे झाले. १९५९ मध्ये निकॉनने आपल्याच एसपी या रेंजफाइंडरच्या सांगाड्यावर एफ हा एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने भिंगातूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा, उभा केला आणि वृत्तछायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले.

सोव्हिएत शाखा संग्राहकांसाठी वेगळीच खाण आहे. खारकिव्हमध्ये मुलांच्या श्रमवसाहतीत १९३४ पासून लायका २ ची नक्कल ‘फेड’ या नावाने बनू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रास्नोगोर्स्कला ‘झोर्की’ निघाला, आणि युद्धाची भरपाई म्हणून जर्मनीतून नेलेल्या काँटॅक्सच्या यंत्रसामग्रीवर कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात ‘कीव्ह’ कॅमेरा तयार होऊ लागला. फेड आणि झोर्की स्वस्त व मुबलक असल्याने त्यांच्यावर लायकाचे नाव कोरून, सोनेरी मुलामा चढवून किंवा जर्मन हवाई दलाचे चिन्ह उमटवून विकण्याचा धंदा जोरात चालतो. भिंग काढून आत डोकावले की बिंग फुटते: अस्सल लायकात भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला गोल चाक असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात चपटी जीभ. कोरीवकाम कितीही सफाईदार असले तरी हे चाक बसवण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

भिंगांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ३९ मिमी आट्यांची लायका पद्धत अनेक कारखान्यांनी उचलली, त्यामुळे भिंग बसते. बसले म्हणजे जुळले असे मात्र नाही. लायकाचे गणित ५१.६ मिमी नाभीय अंतराचे प्रमाण भिंग धरून केलेले आहे, तर काँटॅक्सचे आणि त्या वंशातल्या सोव्हिएत भिंगांचे सुमारे ५२.४ मिमी धरून. लुडविग बेर्टेले यांच्या झोनार रचनेवरून घेतलेले ज्युपिटर-३ हे ५० मिमी, एफ/१.५ भिंग लायकावर चढवून जवळचा चेहरा टिपला, तर खिडकीत डोळे बिनचूक जुळलेले दिसतात आणि फिल्मवर स्पष्टता नाकाकडे किंवा कानाकडे सरकलेली असते. एफ/८ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र लहान केल्यावर, ही चूक झाकली जाते. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांचा आणि काँटॅक्सचा भिंग अडकवण्याचा खटकाही असाच दिसायला एक आहे. रुंदकोनी भिंगे अदलाबदल करता येतात, ५० मिमी आणि लांब भिंगे उघड्या छिद्रावर दगा देतात. उलट, लाइट्सने एम३ करताना भिंगाची बैठक एक मिमीने जवळ आणून ठेवली, म्हणून एक मिमी जाडीची चकती लावून १९३० च्या दशकातले आट्यांचे भिंग आजच्या एम कॅमेऱ्यावर फोकससकट चालते. जुन्या ग्राहकाची इतकी काळजी फार थोड्या कारखान्यांनी घेतली.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या चौकटीत न मावणाऱ्या भिंगासाठी, विशेषतः २१ मिमीसारख्या रुंदकोनी भिंगासाठी, वरच्या खाचेत सुटा व्ह्यूफाइंडर खोचतात. लाइट्सने तारेने मागणी नोंदवण्याच्या काळात प्रत्येक वस्तूला पाच अक्षरी नाव दिले होते. ५० मिमीचा तेजस्वी चौकटीचा फाइंडर आजही ‘एसबीओओआय’ म्हणूनच विकला जातो. क्रास्नोगोर्स्कचा फिरता फाइंडर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ मिमी अशा पाच भिंगांना पुरतो. दिसतो ओबडधोबड, पण कामाला चोख. फाइंडर भिंगाच्या वर असल्याने जवळच्या विषयाचे डोके कापले जाते, म्हणून काहींना मागे अंतराप्रमाणे कलवण्याची तरफ असते.

खरेदीत चकचकीतपणा हा सर्वांत कमी विश्वासाचा निकष. बार्नाक यांनी स्वतः वापरलेला शून्य-मालिकेतील (बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणी-नगांपैकी) क्र. १०५ चा लायका २०२२ मध्ये १.४४ कोटी युरोला गेला, पण असे अपवाद तिजोरीसाठी असतात. वापरायचा कॅमेरा चंद्रावर किंवा दूरच्या मनोऱ्यावर रोखावा. अनंतावर दोन प्रतिमा आडव्या आणि उभ्याही जुळायला हव्यात. मग भिंग काढून कापडी शटरवर मागून उजेड टाकावा. यात मधे आरसा नसल्याने उन्हात टोपण न लावता ठेवलेला कॅमेरा सूर्याची प्रतिमा थेट पडद्यावर पाडतो आणि टाचणीएवढे भोक जळते. काँटॅक्स-कीव्ह यांचा धातूच्या पट्ट्यांचा पडदा जळत नाही. त्याच्या रेशमी फिती मात्र विरतात. भिंगाच्या पोटात टॉर्च मारून धुरकटपणा आणि पुसल्याचे ओरखडे पाहावेत. १९३० च्या दशकातल्या झुमार भिंगाची दर्शनी काच इतकी मऊ की निर्मळ नग विरळाच.

वापरातले शहाणपण कॅमेऱ्यागणिक वेगळे. आट्यांच्या लायकात रीळ तळातून भरतात, त्यासाठी फिल्मची जीभ कात्रीने लांब कापावी लागते. फेड-झोर्कीत शटरचा वेग रीळ ओढल्यानंतरच बदलायचा. काँटॅक्स धरताना उजव्या हाताचे बोट हमखास रेंजफाइंडरच्या खिडकीवर येते. टोपण न काढता अख्खे रीळ संपवणे तर या पंथाची दीक्षाच; खिडकीतून जग स्वच्छ दिसत राहते, फिल्मवर काहीच उमटत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात आजही असे कॅमेरे हाती लागतात. फक्त कोकण किनाऱ्यावर चार-सहा पावसाळे काढलेल्या भिंगात बुरशीची जाळी धरून चालावे. ती वरवर असेल तर जाणकार कारागीर पुसतो, काचेचा लेप खाल्ला असेल तर इलाज नाही. भिंगे सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात आणि मूळची चामडी पेटी, ती कितीही देखणी असली तरी, डब्याबाहेर. ओल आणि बुरशी दोन्ही त्या चामड्यातच मुरलेली असतात.