बुरशी विष कोणासाठी बनवते?

धान्यातल्या बुरशीजन्य विषांची चर्चा होते ती बहुधा माणूस किंवा जनावर आजारी पडल्यावर. पण उभ्या पिकावर जगणाऱ्या अनेक बुरशा विष बनवतात ते त्या पिकासाठीच.

गव्हाच्या ओंबीवर येणारी फ्युझेरियम ग्रॅमिनिएरम डीऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचं विष तयार करते. ते रायबोसोमला चिकटतं आणि पेशीत प्रथिनं बनणं थांबतं. प्रयोगशाळेत या बुरशीचं विष बनवणारं जनुक निकामी केलं, तरी ती गव्हाला लागते. फक्त जिथे शिरली तिथेच अडकते, ओंबीच्या दांड्यातून शेजारच्या दाण्यांकडे सरकू शकत नाही. रायबोसोम आपल्याही पेशींत असतात, म्हणून असं धान्य खाल्लं की उलट्या होतात. भाजूनशिजवूनही हे विष फारसं नष्ट होत नाही.

मला याहून विलक्षण वाटतात ती ठरावीक वाणांनाच मारणारी विषं. 1970 साली अमेरिकेतला बहुतांश संकरित मका ‘टेक्सास’ नावाच्या नरवंध्य प्रकारापासून बनवलेला होता. पराग वांझ असल्याने बीजोत्पादनात स्वपरागण टाळण्यासाठी तुरे खुडायची मजुरी वाचे. हा वांझपणा आणणारं प्रथिन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात असतं. करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार आला, त्याचं टी-विष नेमकं त्याच प्रथिनाला चिकटलं. पटलाला छिद्रं पडली, पेशींची ऊर्जा संपली आणि देशाचा सुमारे 15 टक्के मका गेला.

ओटच्या बाबतीत तर तांबेरा या बुरशीजन्य रोगापासून वाचण्याची धडपडच अंगाशी आली. ‘व्हिक्टोरिया’ या वाणाकडून घेतलेली प्रतिकारशक्ती अनेक नव्या वाणांत उतरवली गेली आणि 1940च्या दशकात याच वाणांवर एक वेगळीच बुरशी तुटून पडली. तिच्या व्हिक्टोरिन विषाने पेशी स्वतःच मरायला लागतात, आणि मेलेल्या पेशींवर ही बुरशी पोसली जाते. तांबेरा रोखणारा गुण राखून विषाला बळी पडण्याचा गुण काढून टाकायचे प्रयत्न झाले, पण दोन्ही वेगळे करता आले नाहीत.

गव्हात मात्र ही माहिती कामी आली आहे. टॉक्स-ए नावाचं विष तिथेही एका विशिष्ट जनुकाच्या वाणांनाच बाधतं. ऑस्ट्रेलियातले पैदासकार शुद्ध केलेलं टॉक्स-ए रोपांच्या पानांत टोचून पाहतात; ज्याचं पान करपतं, ते रोप पुढच्या पैदाशीतून बाद होतं.